हैदराबाद जिल्ह्यातील लोकवस्ती, निवास आणि बालकांचे आरोग्य

स्मरणिकेतील वैद्यकीय लेख बहुधा एखाद्या रोगावर किंवा नव्या औषधावर असतो. यंदा संपादक मंडळाची अनुमती घेऊन मी घराविषयी लिहावयाचे ठरविले आहे. बालरोगतज्ज्ञाच्या टेबलासमोर मूल येते, त्याच्यासोबत आई येते, कधी आजी येते. घर मात्र कधीच येत नाही. केसपेपरवर पत्त्यासाठी एक ओळ असते आणि ती ओळ आपण बहुधा स्वागतकक्षातील मुलीच्या हवाली करतो. अफझलगंज परिसरातील लहान मुले इतकी वर्षे तपासल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, निदानाचा बराचसा भाग त्या एका ओळीत दडलेला असतो आणि तो वाचण्याची सवय आपल्याला कोणी लावली नाही.

प्रथम थोडी आकडेवारी. हैदराबाद जिल्हा आणि हैदराबाद महापालिका यांची गल्लत आपण डॉक्टरमंडळीही सर्रास करतो. सध्याचा हैदराबाद जिल्हा १९७८ साली रंगारेड्डी जिल्हा वेगळा काढल्यानंतर उरलेला, संपूर्णपणे शहरी असा सुमारे २१७ चौरस किलोमीटरचा तुकडा आहे. बृहन् हैदराबाद महापालिका त्यानंतर बरीच उशिरा, म्हणजे एप्रिल २००७ मध्ये, भोवतालच्या बारा नगरपालिका जोडून अस्तित्वात आली आणि तेव्हाच ती जिल्ह्याच्या हद्दीबाहेर दूरवर पसरली. २०१६ साली तेलंगणातील जिल्ह्यांची फेररचना झाली, रंगारेड्डीचे तुकडे पडले, पण हैदराबाद जिल्ह्याची सीमा तशीच राहिली. म्हणून जुन्या जनगणनांचे आकडे या जिल्ह्यापुरते आजही एकमेकांशी ताडून पाहता येतात.

ते ताडून पाहिले की पहिली चकित करणारी गोष्ट दिसते. १९९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ३१,४५,९३९ होती, २००१ साली ती ३८,२९,७५३ झाली; म्हणजे दहा वर्षांत सुमारे २२ टक्क्यांची वाढ. त्यापुढील दहा वर्षे म्हणजे माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीची, नव्या विमानतळाची आणि उड्डाणपुलांची. शहर डोळ्यांदेखत फुगत होते. आणि २०११ ची जिल्ह्याची लोकसंख्या किती? ३९,४३,३२३. वाढ तीन टक्क्यांहूनही किंचित कमी! त्याच काळात शेजारचा तेव्हाचा रंगारेड्डी जिल्हा ३५ लाख ७५ हजारांवरून जवळपास ५३ लाखांवर गेला, म्हणजे ४८ टक्क्यांनी वाढला. शहर वाढले ते कडेने. मध्यभाग जागच्या जागी राहिला.

जागच्या जागी राहिला याचा अर्थ माणसे तीच राहिली असा मात्र नाही. आपल्या समाजाचेच उदाहरण घ्यावे. गौलीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांतील मराठी कुटुंबे गेल्या तीस-चाळीस वर्षांत कुकटपल्ली, दिलसुखनगर, मलकाजगिरीकडे आणि त्यापलीकडेही गेली. इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालय आणि जांबागेतील विवेकवर्धिनी या संस्था आहेत तेथेच आहेत. सभासद आता कार्यक्रमाला तासाभराचा प्रवास करून येतात आणि वाहन कोठे लावावे यावरून हैराण होतात. आपण सोडलेल्या खोल्या मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. त्या खोल्यांत कोण आले, किती आले आणि कसे राहतात, हे जिल्ह्याच्या एकूण बेरजेत दिसत नाही, कारण गेलेले आणि आलेले यांची वजाबाकी होऊन हाती तीन टक्के उरतात.

अफझलगंजचे ऋण

हा परिसर वैद्यकाच्या आणि नगररचनेच्या इतिहासात सामान्य नव्हे. पाचवे निझाम अफझल-उद्-दौला यांच्या नावाने वसलेला हा गंज म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्यांची पेठ. त्यांच्याच काळात मुसीच्या काठी अफझलगंजचा दवाखाना उभा राहिला. क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयीचे दोन प्रसिद्ध आयोग (१८८८ आणि १८८९) शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने याच शहरात बसले, हे भूलतज्ज्ञ मित्रांना सांगावयास नको.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असे मानले जाते. नदीकाठची वस्ती वाहून गेली, दवाखानाही गेला. त्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात अजून उभे आहे. पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून वरच्या अंगाला उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. १९११ साली शहरात प्लेग आला. १९१२ मध्ये नगर सुधार मंडळ, ज्याला उर्दूत आराइश-ए-बल्दा म्हणत, ते स्थापन झाले आणि दाट वस्त्या मोकळ्या करणे, रस्ते रुंद करणे, सांडपाण्याची सोय करणे ही कामे सुरू झाली. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने गाठले. १९११ साली पाच लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या १९२१ च्या गणनेत चार लाखांपर्यंत उतरली. आजच्या वाचकाला ही घट म्हणजे केवळ इतिहासातील नोंद वाटेल. पण एका दशकात पाचांतील एक माणूस कमी होणे म्हणजे काय, याची कल्पना साथींचे दिवस पाहिलेल्या पिढीला करता यावी.

मला यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वेळी पूर, प्लेग आणि दाट वस्ती हे तीन वेगळे प्रश्न मानले गेले नाहीत. जलाशय बांधणारे आणि गल्ल्या रुंद करणारे एकाच प्रश्नाला हात घालीत होते. पुढे आपण त्याची खाती पाडली. पाणी एका मंडळाकडे, घरे दुसऱ्याकडे, आजार आपल्याकडे! विन्सेंट एश यांनी आखलेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या देखण्या इमारतीतही २०२० च्या जुलैत पावसाचे पाणी शिरले, जुना विभाग रिकामा करावा लागला आणि जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल येथे नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. मुसी आपली आठवण अधूनमधून करून देतेच.

चुलीवरून मोजलेले घर

आता मूळ मुद्द्याकडे येते. जिल्ह्याची घनता २०११ मध्ये चौरस किलोमीटरला अठरा हजारांच्या वर होती. भागाकार केला तर माणशी सुमारे ५५ चौरस मीटर जमीन येते. ऐकावयास हे बरेच वाटते. पण त्या ५५ मीटरांत रस्ते आहेत, हुसेनसागर आहे, बंजारा हिल्सचे बंगले आहेत, विद्यापीठाचे आवार आहे, छावणीची मैदाने आहेत, दफनभूमी आणि रेल्वेचे रूळही आहेत. सरासरी ही फार सभ्य गोष्ट आहे. ती कोणाच्याही घरात शिरत नाही.

घराच्या आत डोकावते ती जनगणनेची घरयादी. तिच्या व्याख्या प्रत्येक डॉक्टरने एकदा तरी वाचाव्यात, इतक्या त्या बोलक्या आहेत. कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर एका चुलीवरची माणसे. निवासाची खोली म्हणजे माणूस आडवा होऊ शकेल एवढी जागा, किमान दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. आणि प्रश्न विचारला जातो तो त्या कुटुंबाच्या स्वतंत्र ताब्यात किती खोल्या आहेत, असा. व्याख्येत दोष काढण्याचा माझा हेतू नाही. कोट्यवधी घरे मोजावयाची तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रोगजंतू चुलीवरून माणसे मोजत नाहीत.

हे मला ज्या मुलीने शिकविले तिची हकिकत सांगते. अकरा महिन्यांची मुलगी. खोकला, मधूनमधून ताप. मी तिला त्यापूर्वी दोनदा तपासले होते. एकदा श्वासनलिकांचा दाह म्हणून, एकदा दम्याची प्रवृत्ती म्हणून औषध दिले, वाफारा दिला, मूल थोडे सुधारले, आई गेली. तिसऱ्या खेपेस वजनाचा तक्ता पाहिला. आठव्या महिन्यात ६.५ किलो, अकराव्यात ६.४. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन तीन महिने थांबलेले आहे आणि ते माझ्या नजरेतून दोन वेळा सुटले होते.

आई देगलूरकडची. माझ्या तोंडून मराठी ऐकल्यावर तिचा चेहरा एकदम सैल पडला. आमच्याकडे बहुतेक संवाद दखनीत चालतो, ज्यातील ‘नक्को’ हा शब्द मुळात आपलाच. पण नांदेड-परभणीकडची माणसे काचीगुड्याला गाडीतून उतरतात आणि मराठी ऐकू आली की त्यांना माहेर भेटल्यासारखे होते.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, घरात किती जण? ती म्हणाली, “आमी चौघं.” नवरा, ती, चार वर्षांचा मुलगा आणि ही. घरात कोणाला खोकला? कोणालाच नाही. मी केसपेपर मिटणार होते. काय वाटले कोण जाणे, मी विचारले, “आणि रात्री खोलीत निजायला किती जण असतात?”

“सात जण असतेत, म्याडम.”

दीर बेगम बाजारात हमाली करीत होता. जेवण बाहेर खाणावळीत, निजायला भावाकडे. गावाकडचे आणखी दोघे त्याच्याबरोबर. दिराला खोकला होता, दोन-तीन महिन्यांपासून. ती खोटे बोलली नव्हती. ‘घरात किती जण’ या प्रश्नाला तिने जनगणनेच्या व्याख्येबरहुकूम अचूक उत्तर दिले होते. चुलीवरून मोजले तर चार, अंथरुणांवरून मोजले तर सात. घरयादीत हा दीर बहुधा स्वतंत्र एकट्याचे कुटुंब म्हणून नोंदला जाईल आणि त्याच्यापुढे ‘स्वतंत्र खोली नाही’ असे लिहिले जाईल. त्या मुलीच्या घराच्या नोंदीत एका खोलीला चार माणसे राहतील. कागद बरोबर असेल आणि खोकणारा माणूस त्यात नसेल.

पोटातील स्राव तपासणीस पाठविला, सीबीनॅट चाचणीत क्षयाचे जंतू निघाले. दिराच्या थुंकीतही निघाले.

एका रविवारी मी घर पाहावयास गेले. गौलीगुड्याच्या आतील बाजूचा जुना वाडा. चौक पत्र्याने झाकलेला, मोठ्या दालनांचे प्लायवुडच्या फळ्या ठोकून सात बिऱ्हाडांत तुकडे केलेले. दरवाजाच्या चौकटीवर कोरलेला गणपती रंगांचे थर बसूनही ओळखू येत होता. कधीकाळी आपल्यापैकीच कोणा कुटुंबाचे ते घर असावे. खोली दहा फूट बाय बारा फूट. सात माणसांत वाटली तर माणशी सतरा चौरस फूट. एका माणसाची सतरंजी तीन फूट बाय सहा फुटांची, म्हणजे अठरा चौरस फुटांची असते.

दाटीचे शरीरशास्त्र

दाटीमुळे रोग पसरतात हे सर्वांना ठाऊक आहे. दाटीमुळे रोग अधिक तीव्र होतो हे तितकेसे ठाऊक नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॅनिश संशोधक पीटर आबी यांनी पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथे गोवराच्या साथीचा अभ्यास केला. तोपर्यंत समज असा होता की, कुपोषित मुलांना गोवर जिवावर बेततो. आबी यांना दिसले ते वेगळे. घरात बाहेरून गोवर घेऊन येणारे पहिले मूल बहुधा बचावते. त्याच्यापासून घरातच लागण झालेल्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त असते. एकाच खोलीत, रात्रंदिवस, जवळून मिळालेली विषाणूची मात्रा मोठी असते, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. म्हणजे खोली ही नुसती वाट नव्हे, ती मात्रा ठरविते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीतून गोवराची साथ पसरली आणि मुले दगावली, तेव्हा लसीकरणातील तुटीइतकीच चर्चा खोल्यांच्या आकाराचीही व्हावयास हवी होती.

क्षयाचे गणित असेच आहे. थुंकीत जंतू असलेल्या माणसाशेजारी रात्रीचे आठ तास, खिडकीवाचूनच्या खोलीत. वर्षाच्या आतील मुलाला संसर्ग झाला आणि उपचार मिळाला नाही, तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांत प्रत्यक्ष रोग होतो. मोठ्या माणसात हे प्रमाण आयुष्यभरात दहा टक्क्यांच्या आसपास असते. बीसीजीमुळे मेंदूज्वरापासून बरेच संरक्षण मिळते, फुप्फुसाच्या क्षयापासून त्या प्रमाणात मिळत नाही. म्हणून पाच वर्षांखालील सहवासी मुलांना, रोग नसल्याची खात्री करून, सहा महिने आयसोनियाझिड द्यावे हा नियम जुना आहे, आणि २०२१ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने प्रतिबंधक उपचार घरातील सर्व वयांच्या सहवासितांसाठी खुला केला आहे. पण सहवासी कोण, हे चुलीवरून ठरवावयाचे की अंथरुणावरून? खाजगी डॉक्टरांना क्षयरुग्णाची नोंद देणे २०१२ पासून बंधनकारक आहे. आपण रुग्णाची नोंद देतो आणि त्याच्या शेजारी निजणाऱ्याची विचारपूस करावयास विसरतो. मीही दोनदा विसरलेच होते.

वारंवार होणारी खरूज, घशाचा दाह आणि त्यातून उद्भवणारा सांध्यांचा व हृदयाचा संधिवात, हेही दाटीचेच सोबती. मुडदूस मात्र लोक विसरून जातात. झाकलेले चौक, अरुंद गल्ल्या आणि घराबाहेर क्वचित पडणाऱ्या माता यांमुळे, बारमाही ऊन असलेल्या शहरात मी वाकलेल्या पायांची मुले पाहते. पहिल्या वर्षी ड जीवनसत्त्वाचे रोज ४०० युनिट, एवढेच सांगणे आहे. दखनीत सांगावे, तेलुगूत सांगावे, पण सांगावे.

राज्यभराच्या पोषणाचे चित्र फारसे उत्साहवर्धक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ७० टक्के रक्तक्षयी आणि ३३ टक्के वयाच्या मानाने खुजी आढळली. त्यापूर्वीच्या सर्वेक्षणापेक्षा दोन्ही आकडे वाढलेले. त्याच सर्वेक्षणात साठ टक्क्यांहून अधिक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. जन्माच्या वेळी शस्त्रक्रिया परवडते आणि दोन वर्षांनी लोह मिळत नाही, या विसंगतीवर स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांशी माझा वाद नेहमीचाच आहे, तो येथे नको.

पाणी

शहराचे पाणी दूरवरून येते. उस्मानसागर व हिमायतसागर पुरेनासे झाले तेव्हा मांजरा, मग सिंगूर, २००४ पासून कृष्णा आणि २०१५ पासून गोदावरी. आपल्या नाशिकहून निघालेल्या गोदावरीचे पाणी शंभराहून अधिक मैलांच्या नळातून येऊन गौलीगुड्याच्या चाळीत पडते, हे ऐकून बरे वाटते. शेवटचे शंभर फूट मात्र जुनेच असतात. २००९ च्या मे महिन्यात भोलकपूर येथे नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि अतिसाराने माणसे दगावली. साथीचा उगम धरणात नव्हता, गल्लीत होता.

जानेवारी २०२१ पासून घरगुती जोडणीला महिन्याला २०,००० लिटर पाणी मोफत मिळू लागले. पाच माणसांच्या घरात हे माणशी दिवसाला सुमारे १३३ लिटर होते. शहरांसाठी १३५ लिटरांचा जो मापदंड सांगतात त्याच्या अगदी जवळ. पण वाड्यात एकच जोडणी आणि चार बिऱ्हाडे, म्हणजे वीस माणसे असतील, तर तेच पाणी माणशी ३३ लिटर होते. ज्या घरात नळ एक आणि चुली अनेक, तेथे एकाच योजनेचा लाभ चौथ्या हिश्शावर येतो. त्यात पाणी रोज येत नसेल तर ते साठवावे लागते, पिंपे भरतात, झाकणे नसतात आणि स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या एडिस डासाला हवे ते मिळते. पिंप उघडे ठेवू नका हे सांगण्यापूर्वी पाणी किती दिवसांनी येते हे विचारावे, म्हणजे आपला उपदेश थोडा सौम्य होतो.

बदलणारा पत्ता

महापालिका क्षेत्रात १,४७६ झोपडवस्त्यांची नोंद आहे. त्यांतील बऱ्याच नाल्यांच्या व मुसीच्या काठी आहेत. २०२४ च्या शरदात मुसी विकासाच्या कामासाठी चादरघाटजवळील मुसानगर, शंकरनगर येथील घरे पाडण्यास सुरुवात झाली आणि कुटुंबांना दोन शयनगृहांच्या सदनिका देण्यात आल्या. नदीपात्रातील धोकादायक घर सुटले आणि पक्के घर मिळाले, याला माझा आक्षेप नाही. मला दिसते ते लसीचे कार्ड. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिन्यांना, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. या मधल्या काळात मूल दहा किलोमीटर दूर गेले, तर जुनी आरोग्यसेविका त्याला ‘स्थलांतरित’ लिहिते आणि नवी अजून त्याला ओळखत नाही. एप्रिल २०१८ पासून शहरात बस्ती दवाखाने निघाले. ही फार चांगली सोय आहे, पण ती वस्तीला बांधलेली आहे, मुलाला नव्हे.

मुलींच्या संख्येविषयी एक नोंद ठेवून पुढे जाते. २००१ मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९३३ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ९५४ झाल्या. सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण मात्र त्याच दशकात उतरले. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा १९९४ चा आहे. ही घट दाटीमुळे झालेली नाही. ती सोनोग्राफी यंत्रे असलेल्या डॉक्टरांच्या शहरात झाली, म्हणून आपल्या स्मरणिकेत तिचा उल्लेख टाळणे मला योग्य वाटले नाही.

हे सारे आकडे आता जुने झाले आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या गणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०११ मध्ये जन्मलेले मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या खोलीविषयी आपल्याकडे नवी मोजणी नाही. तोवर जिल्ह्यात सर्वांत जास्त घरांची माहिती रोज ज्यांच्या टेबलावरून जाते ते आपण आहोत. मी माझ्या केसपेपरवर चार प्रश्न छापून घेतले आहेत: रात्री त्या खोलीत किती जण निजतात, खिडकी कोठे उघडते, पाणी किती दिवसांनी येते, आणि पुढील सहा महिन्यांत घर बदलण्याचा विचार आहे का. दीड मिनिट लागते. व्यवसायबंधूंपैकी कोणाला हे कागद हवे असतील तर मी आनंदाने देईन. वर्षभराने सर्वांच्या नोंदी एकत्र मांडता आल्या तर अफझलगंज, गौलीगुडा आणि बेगम बाजारापुरते तरी एक चित्र हाती येईल.

त्या मुलीचे उपचार सहा महिने चालले. तिच्या भावाला प्रतिबंधक औषध दिले. दिराला औषध वेळेवर मिळत होते, पण पहिले काही आठवडे त्याने कोठे निजावे हा प्रश्न औषधाने सुटेना. अखेर तो मालाच्या गोदामाबाहेर ओट्यावर निजू लागला, थंडीच्या दिवसांत. चौथ्या महिन्यात कुटुंबाने खोली सोडली. चौथा प्रश्न मी तेव्हा विचारत नव्हते, त्यामुळे दोन आठवडे ते कोठे गेले हेच कळेना. वाड्यातील शेजारणीकडे नव्या जागेचा फोन नंबर निघाला म्हणून औषध खंडित झाले नाही.

शेवटच्या तपासणीला मुलगी ८.४ किलोची होती, आईचा पदर सोडून टेबलावरील स्टेथोस्कोप ओढत होती. नवा पत्ता लिहून घेतला. निजायला आता पाच जण, दीर बरा होऊन परतला आहे, गावाकडचे दोघे दुसरीकडे गेले आहेत. मी विचारले, नव्या खोलीला खिडकी आहे का?

“हाय ना म्याडम,” ती म्हणाली, “पण उघडली की शेजारच्याची भिंत लागती.”